परदेशात लांबच्या मुक्कामाला जाताय? व्हिसा आणि लसींबद्दल गोव्यातले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

फोंड्यात आमच्या ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी कायम बाहेर जायच्या तयारीत असतं, कोणी बोटीवर, कोणी शिकायला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला, आणि कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवलेत. नियम आणि फी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरायला बसाल त्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाची साइट एकदा उघडून बघाच.

नक्की किती आधी तयारीला लागायचं?

मुक्काम महिन्या-दोन महिन्यांच्या वर असेल तर सहा महिने आधी. ऐकायला जास्त वाटतं पण हिशोब करून बघा. हेपॅटायटिस बी चे डोस आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन असतात. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोस घ्यायचे तर मध्ये किमान चार आठवडे हवेत. पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. तिकडे युरोपचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी अर्ज जायला लागतो, आणि अमेरिकेच्या इंटरव्ह्यूची तारीख मिळायलाच कधी कधी महिनेच्या महिने जातात.

बहुतेक लोक काय करतात, आधी व्हिसा, मग तिकीट, मग खरेदी, आणि शेवटच्या आठवड्यात कोणीतरी विचारतं की लसी घेतल्या का. व्हिसाचं काम काही देशांत जादा पैसे भरून लवकर होतं, शरीराला तसं घाई करायला सांगता येत नाही. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, ज्या आठवड्यात व्हिसाचा फॉर्म उघडाल त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जा, दोन्ही एकाच कॅलेंडरवर लिहा आणि जायच्या तारखेपासून उलटं मोजत या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर चवथीचे दिवस त्यातून आधीच वजा करा, तेव्हा आपल्याकडे कोणतीच कचेरी आणि कोणताच डॉक्टर धड सापडत नाही.

पासपोर्टची मुदत अजून आठ महिने आहे, चालेल ना?

जाऊन लगेच यायचं असेल तर चालेल, लांबच्या मुक्कामाला नाही. बरेच देश पोचायच्या दिवशी सहा महिन्यांची मुदत मागतात. शेंगेनला तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने मुदत लागते, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असायला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा पासपोर्ट काढता येतो, पणजीला एक फेरी आणि पोलीस व्हेरिफिकेशन. व्हिसाच्या आधी करून टाका, कारण नंतर केलंत तर जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा आणि नवा पासपोर्ट दोन्ही सांभाळत फिरायला लागतं.

एका कागदावर आडनाव कामत, दुसऱ्यावर कामोतीम. काय करू?

गोव्याचा हा अगदी घरचा प्रश्न आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत आजोबांचं आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळं, आपल्या आधारवर तिसरंच. नाईक, प्रभू, देसाई, सगळ्यांच्या घरी हीच गंमत आहे. व्हिसा बघणारा माणूस गोव्याचा नसतो, त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्यामुळे पासपोर्टवर जे आहे ते प्रमाण धरा, आणि बँक, विमा, तिकीट, लसीचं कार्ड सगळं अक्षर न् अक्षर त्याच्याशी जुळवून घ्या. जुन्या कागदावरचं बदलता येत नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं ॲफिडेव्हिट करून सोबत लावा. लसीच्या कार्डाकडे कोणी लक्षच देत नाही, तिथे नर्सबाई घाईत हाक मारतात तेच नाव लिहून टाकतात, म्हणून खुर्चीवरून उठायच्या आधी वाचून बघा.

आणि ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे त्यांनी दुबईचा व्हिजिट व्हिसा काढायच्या आधी ती भरून घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकच नाव असलेल्या पासपोर्टवर टुरिस्ट आणि व्हिजिट व्हिसाच्या लोकांना सहसा आत घेत नाही.

व्हिसासाठी मुंबईला जावंच लागतं का?

देशावर अवलंबून आहे. काही देशांचे अर्ज पणजीत घेतले जातात, बोटांचे ठसेही इथेच होतात, आणि पोर्तुगालचं तर कॉन्सुलेटच पणजीत आहे. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, तोवर सहसा परत द्यायला लागत नाहीत. अमेरिकेला मात्र मुंबई चुकत नाही, तिथे ठसे-फोटो आणि इंटरव्ह्यू अशा दोन वेगळ्या अपॉइंटमेंट असतात.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात हळू चालतात, दरड आली तर बोलायलाच नको. रात्रीच्या कोकणकन्येतून सकाळी उतरून दहाची अपॉइंटमेंट गाठायची हा जुगार महिनोन्‌महिने वाट बघून मिळालेल्या तारखेवर खेळू नका. मोबाईल कॉन्सुलेटच्या आत नेता येत नाही, सोबत कोणी असेल तर त्याच्याकडे द्या.

युरोपात चार-पाच देश फिरायचे आहेत, व्हिसा कोणाचा काढायचा?

जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याचा. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाचा काढू नका, हॉटेल बुकिंगवरून लगेच कळतं. एक शेंगेन व्हिसा २९ देशांत चालतो पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत.

लांब राहणाऱ्यांनी ९० दिवसांचा नियम नीट समजून घ्या, कारण इथे शिकलेली माणसंसुद्धा गडबडतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, म्हणजे तिथल्या प्रत्येक दिवशी मागे वळून गेले १८० दिवस मोजायचे आणि त्यात तुमचे शेंगेनमधले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. मध्ये दोन दिवस लंडनला जाऊन आलं की मीटर परत शून्यावर येतं असं काही नाही. आणि व्हिसावर मुदत वर्षभराची दिसली तरी वर्षभर राहायची परवानगी नसते, दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो तो बघा. फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, जून २०२४ पासून, आणि व्हिसा नाही मिळाला तरी परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

घरात नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि माझ्याकडे भारतीय. मला वेगळा व्हिसा?

व्हिसा लागतो, पण तुमचा हक्क जास्त आहे आणि तो बऱ्याच जणींना माहीत नसतो. युरोपियन युनियनच्या नागरिकाची बायको किंवा नवरा त्यांच्यासोबत, नागरिकत्व आहे तो देश सोडून, युनियनच्या दुसऱ्या देशात जात असेल तर व्हिसा फुकट आणि लवकर द्यायचा असा युनियनचाच नियम आहे. म्हणजे नवरा पोर्तुगीज आणि दोघं फ्रान्सला चाललात तर लागू, पोर्तुगालला चाललात तर हा नियम लागत नाही. लग्नाचा सिव्हिल रजिस्ट्रेशनचा दाखला मात्र लागणारच. आपल्याकडे लग्नाच्या नोंदणीला कचेरीत दोनदा सही करायला लागते, आणि कितीतरी जोडपी पहिली सही करतात, लग्न धूमधडाक्यात होतं आणि दुसरी सही राहून जाते. ती करून घ्या, त्याशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय बायको म्हणून तुम्हाला तिथे कोणी ओळखत नाही.

बँकेत किती पैसे दाखवायचे? घराचे कागद लावू का?

एक ठरलेला आकडा सगळीकडे नसतो. मुक्कामाचा खर्च सहज निघेल एवढे हवेत आणि ते तुमच्या कमाईशी जुळायला हवेत. अर्जाच्या चार दिवस आधी मामाने खात्यात पाच लाख टाकले तर सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते डोंगरासारखे उठून दिसतात. खरंच कोणी मदत करत असेल तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट सरळ लावा.

घराचे कागद परत येण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. पण आपल्याकडे घर अजून पणजोबांच्या नावावर आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर वीस जणांची नावं, ही घरोघरची गोष्ट. असा उतारा नुसता लावू नका, त्यात तुमचं नाव कुठलं आणि नातं काय ते दोन ओळींत लिहून द्या. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र मला घराच्या कागदांपेक्षा जास्त वजनदार वाटतं.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय, इंटरव्ह्यूत ते सांगायचं की नुसतं फिरायला म्हणायचं?

खरं तेच सांगा. आई-बाबा मुलीच्या मदतीला जातात हे त्यांनाही माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डीएस-१६० फॉर्मवर जे लिहिलंय आणि तोंडाने जे सांगाल ते एकच हवं, म्हणून फॉर्म मुलाने किंवा जावयाने भरला असेल तर जायच्या आधी तुम्ही तो बसून पूर्ण वाचा. कधी जाणार, किती राहणार, खर्च कोण करणार, परत कशाला येणार, एवढ्याचीच उत्तरं छोटी आणि सरळ द्या. इंग्लिशचा धीर नसेल तर मुंबईत मराठीत बोलायचंय असं सुरुवातीलाच सांगा.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका वेळी किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर ऑनलाइन दिसते, पोचल्यावर मुलीला काढून बघायला सांगा. आणि नव्या बाळाजवळ राहणार म्हणून टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस, आणि फ्लूची लस दोन आठवडे तरी आधी घेऊन जा. डांग्या खोकला मोठ्यांना नुसता खोकला वाटतो, महिन्याभराच्या बाळाचा जीव जाऊ शकतो. व्हिसाला ही लस कोणी विचारणार नाही, बाळासाठी घ्यायची.

म्हणजे लसी नसतील तर व्हिसा नाकारतात असं नाही?

टुरिस्ट व्हिसाला बहुतेक देश विचारतच नाहीत. अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्यांना मेडिकलमध्ये ठरलेल्या लसी पूर्ण कराव्या लागतात. पिवळ्या तापाचं मात्र वेगळं, ते सर्टिफिकेट विमानात चढताना आणि उतरताना बघतात.

पिवळ्या तापाची लस कोणाला लागते आणि गोव्यात कुठे मिळते?

आफ्रिकेच्या बऱ्याच भागात आणि ब्राझील, पेरूसारख्या दक्षिण अमेरिकेतल्या देशांत हा आजार आहे. अंगोला, घाना, युगांडा तर सर्टिफिकेट असल्याशिवाय आतच घेत नाहीत. आपल्या तारवटींना, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांना, हे तोंडपाठ असतं कारण बोट कधी कुठल्या बंदराला लागेल सांगता येत नाही, पण सफारीला जाणारी कुटुंबं ऐनवेळी धावत येतात.

ही लस कुठल्याही खाजगी दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यायला लागते. गोव्यात मुरगाव बंदराच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते. एक बाटली उघडली की त्यातले सगळे डोस थोड्याच तासांत वापरायला लागतात, म्हणून अशा केंद्रांत माणसं गोळा करून ठराविक दिवशी देतात. आधी फोन करून दिवस विचारा आणि मूळ पासपोर्ट न विसरता न्या. पिवळं पुस्तक मिळतं त्यावर नाव, पासपोर्ट नंबर, तारीख, बॅच नंबर, सही आणि शिक्का सगळं आहे का ते तिथेच तपासा. एक डोस आयुष्यभर पुरतो, जुलै २०१६ पासून तसा नियमच आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी परत टोचून घ्यायची गरज नाही.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे परत येतानाचं. तो देश विचारत नसला तरी भारत विचारतो. पिवळा ताप असलेल्या देशातून सर्टिफिकेटशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. त्याला कारण आहे, हा आजार पसरवणारा एडीस डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू देणारा तोच डास, आणि पावसाळ्यात तो गोव्यात घराघरात असतो. आजार आपल्या देशात नाही, डास आहे. एकदा आत आला तर काय होईल विचार करा.

माझं वय ६५, किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, तरी घ्यायची?

डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. ही जिवंत लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमसचा आजार, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, अशांना सहसा देत नाहीत, आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो. अशा वेळी डॉक्टर सूट असल्याचं पत्र देतात. पण पत्राने विमानतळ पार होतो, डास चावायचा थांबत नाही, त्यामुळे तिथे जायलाच हवं का हा प्रश्न घरात बसून मोकळेपणाने बोला.

मुलगा अमेरिकेत शिकायला चाललाय, युनिव्हर्सिटीने लसींचा लांबलचक फॉर्म पाठवलाय

घाबरू नका पण आजच उघडा. साधारण दोन एमएमआर, टीडॅप, हेपॅटायटिस बी, कांजण्या, मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लस आणि टीबीची तपासणी मागतात, प्रत्येक युनिव्हर्सिटीचं थोडं वेगळं असतं. लहानपणीचं कार्ड शोधा. त्यावर नुसती गोवराची किंवा एमआर लस असेल तर त्यात गालगुंड येत नाही, म्हणजे एमएमआर घ्यावीच लागेल. कार्ड हरवलं असेल तर ज्या हेल्थ सेंटरमध्ये टोचलं तिथे रजिस्टर बघायला सांगा, बालरोगतज्ज्ञ अजून प्रॅक्टिस करत असतील तर त्यांच्याकडे नोंद असू शकते. काहीच नाही मिळालं तर रक्तात अँटीबॉडी आहेत का ती टेस्ट बऱ्याच युनिव्हर्सिटी मानतात, नाहीतर सरळ परत घ्यायची, एमएमआरचा जादा डोस झाला म्हणून काही बिघडत नाही.

टीबीच्या तपासणीत एक खाच आहे. आपल्या सगळ्यांना जन्मतः बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली असते, त्यामुळे हातावरची मँटू टेस्ट टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रं, घरात रडारड. रक्ताची इग्रा टेस्ट, लॅबवाले क्वांटिफेरॉन म्हणतात ती, बीसीजीने फसत नाही. महाग आहे पण युनिव्हर्सिटी मानत असेल तर तीच करा. आणि ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, नंतर करायची तर चार आठवडे थांबायला लागतं. फॉर्मवर डॉक्टरची सही, रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का, तारखा महिना-दिवस-वर्ष अशा त्यांच्या पद्धतीने.

एकाच दिवशी दोन-तीन लसी घेतल्या तर चालतं?

हो, वेगवेगळ्या जागी टोचून देतात. एमएमआर, कांजण्या, पिवळा ताप या जिवंत लसी एकाच दिवशी नाही जमल्या तर मध्ये २८ दिवस सोडायला लागतात, आणि लोकांचं गणित नेमकं इथेच चुकतं.

मलेरियाची लस मिळेल का?

प्रवाशांसाठी नाही, गोळ्याच. कुठली गोळी ते देशावर आणि तुमच्या बाकीच्या औषधांवर ठरतं, काही एक-दोन दिवस आधी सुरू करतात, काही दोन-तीन आठवडे आधी, आणि परत आल्यावरही घेत राहायच्या असतात. गोव्यात मलेरिया बघितलाय म्हणून आफ्रिकेतला झेपेल असं कोणी समजू नका.

ब्रिटनला वर्षभरासाठी जातोय, तिथे लस लागते का?

लस नाही, पण सहा महिन्यांच्या वर राहणार असाल तर टीबीचं सर्टिफिकेट लागतं, तेही त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकचंच. मुंबईत अशी क्लिनिक आहेत. एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा रिझल्ट यायला दोन महिने लागू शकतात, त्यामुळे हे काम पहिलं.

आखातात नोकरी लागलीय, एजंट म्हणतो आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो

जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करताना पकडलं तर दंड, कैद, परत पाठवणी सगळं तुमच्या डोक्यावर येतं आणि एजंट फोन उचलत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट ईसीआर असतो आणि आखातासकट १८ देशांत कामाला जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते, ती मंजुरी तुमच्या भल्यासाठीच आहे, कारण करार आणि पगार तिथे तपासला जातो. व्हिसासाठीचं मेडिकल वाफिद नावाच्या पोर्टलवरून बुक होतं.

रोजच्या गोळ्या आणि घरचे मसाले नेता येतात?

गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली औषधं यूएईत परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे. आणि खसखस! तिथे खसखशीला बंदी आहे. आई प्रेमाने शागोतीचा मसाला करून डब्यात भरून देते, त्यात खसखस भाजून घातलेली असते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. दुबई, अबू धाबीला जाणाऱ्याला तो मसाला देऊ नका, वाटेत तिथे फक्त विमान बदलणार असेल तरी नको.

विमान बदलायला थांबलो तर वेगळा व्हिसा?

अमेरिकेत विमान बदलायचं तरी व्हिसा लागतोच, बाकी देशांचं तिकीट काढायच्या आधी बघा. पिवळ्या तापाचंही तसंच, दक्षिण आफ्रिकेला जाताना वाटेत नैरोबीला बारा तासांच्या वर थांबलात तर तुम्ही पिवळ्या तापाच्या देशातून आलात असं धरतात. स्वस्त तिकिटात लांबचा थांबा असेल तर आधी हे तपासा.

व्हिसा नाकारला तर?

शेंगेनवाले लेखी कारण देतात, ते वाचा, त्यावर अपील करता येतं किंवा कमी पडलेला कागद जोडून नवा अर्ज. अमेरिकेत परत अर्ज करायला मनाई नसते, पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर लगेच पैसे घालवू नका. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर आधी नकार मिळाला का असं विचारतात तिथे हो लिहायचं, लपवलेलं सापडलं तर नकारापेक्षा ते जास्त महागात पडतं. लसी मात्र थांबवू नका, सुरू केलेला कोर्स तारखेला पूर्ण करा, पुढच्या वेळी तेवढं काम झालेलं असेल.